गरजूंसाठी विणायचंय? आधी डोक्याचा घेर विचारा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तुमचं बायकांचं मंडळ आहे. बहुतेकींना सुयांवरचं किंवा क्रोशाचं विणकाम येतं, प्रत्येकीच्या कपाटात उरलेली लोकर पडून आहे, आणि यंदाच्या थंडीत गरजूंसाठी स्वेटर-शाली विणून वाटाव्यात असं सगळ्यांच्या मनात आहे. काय विणावं, लोकर कुठली घ्यावी, द्यावं कुणाला, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं मी हे काम करते आणि शिकवतेही, म्हणून सविस्तर लिहिते. काही गोष्टी जरा रुक्ष वाटतील.

पहिली रुक्ष गोष्ट पैशाची. मोठ्या माणसाच्या एका शालीला साडेतीनशे-चारशे ग्रॅम लोकर जाते, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला त्याहून जास्त. जवळपास तेवढ्याच पैशात बाजारात तयार ब्लँकेट मिळतं. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात, ती देशभर जातात. फुटपाथवर झोपणाऱ्यांना पांघरूण द्यायचं असेल तर वर्गणी काढा आणि तीच घ्या. एक शाल विणायला तुमच्यातल्या चपळ बाईलाही आठवडे लागतील आणि तोवर थंडी निम्मी सरलेली असेल. सुया उचलायच्या त्या बाजारात माप मिळत नाही तिथे. अशा जागा आहेत, आणि नाशिकच्या आसपास तर चांगल्याच आहेत.

त्यातली सगळ्यात महत्त्वाची म्हणजे कमी वजनाची बाळं. जन्मताना अडीच किलोच्या आत वजन असलं की बाळ कमी वजनाचं धरतात. दीड किलोच्या आसपासच्या बाळाचं डोकं साधारण २८-२९ सेंमी भरतं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं ३४-३५ असतं. दुकानातली 'न्यूबॉर्न' टोपी या मोठ्या डोक्याच्या मापाची, ती लहान बाळाच्या डोळ्यांवर नाहीतर नाकावर येते. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यामुळे उघड्या डोक्यातून ऊब फार लवकर जाते. अशा बाळांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवतात, त्याला कांगारू मदर केअर म्हणतात. कोलंबियात बोगोटा इथे इन्क्युबेटर अपुरे पडत होते, म्हणून १९७८ साली तिथल्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं की ती जन्मानंतर लगेच सुरू करावी आणि दिवसाला आठ ते चोवीस तास द्यावी. त्या वेळी बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे असतात. यातल्या दोन गोष्टी तुमच्या सुयांवरून उतरू शकतात. आपल्याकडे बाळंतविड्यात टोपडं, कुंची, पायमोजे विणायची रीत आहेच, फक्त इथे माप वेगळं आणि नियम कडक.

नियम असे. गोंडा नाही, बटण नाही, रिबीन नाही, बांधायची नाडी नाही. मोज्यांच्या आतल्या बाजूला एकही लोंबता धागा नको. रंग बदलताना आत जे लांब धागे राहतात त्यांत बाळाचं बोट अडकतं, धागा आवळला जातो आणि बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. मोठ्या माणसाला दुखलं तर तो मोजा काढून बघतो, बाळ नुसतं रडत राहतं. म्हणून बाळाच्या मोज्यात दुरंगी नक्षी करायचीच नाही. जाळीची वीणही नको, छिद्रांतून बोटं बाहेर येतात. शिवण असेल तर ती सपाट आणि बाहेरच्या बाजूला. त्यापेक्षा मोज्याच्या चार सुयांवर गोल विणा, शिवणच नको.

आता टोपी. मऊ चार प्लाय बेबी लोकर किंवा त्याच जाडीचं सुती सूत घ्या आणि १० नंबरच्या सुया, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. आपल्याकडच्या सुयांवर अजून जुने इंग्रजी नंबर असतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. परदेशी नमुने बघून विणणाऱ्या मुलींना हे जरूर सांगा. १० सेंमीत २५ टाके बसतात का ते छोटा तुकडा विणून मोजा. ६४ टाके घाला. दोन सुलट दोन उलट असे ३ सेंमी. मग सगळे सुलट, सुरुवातीपासून ८ सेंमी होईपर्यंत. पुढे सहा सुलट आणि दोन टाक्यांचा एक, असं फेरीभर करा, ५६ उरतील. एक फेरी साधी. मग पाच सुलट आणि दोनाचा एक, पुन्हा एक साधी फेरी, असं दर वेळी एकेक टाका कमी करत आठ टाक्यांवर या. धागा तोडून त्या आठांतून ओवा, घट्ट ओढा आणि टोक आतून नीट मुरवा. टोपी १२ सेंमीच्या आसपास उंच होते आणि दीड किलोच्या आगेमागेच्या बाळाला बसते. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ८० टाके घाला, १० सेंमी सरळ जा आणि कमी करायला आठ सुलट व दोनाचा एक यापासून सुरुवात करा. एका टोपीला जेमतेम २०-२५ ग्रॅम लागते, हात बसलेली बाई दोन संध्याकाळींत सहज करते.

क्रोशावाल्यांनी हीच टोपी अर्ध्या खांबांत करावी. पण क्रोशाची वीण ताणली जात नाही आणि त्याच मापाला साधारण तिसरा हिस्सा सूत जास्त खाते. सुयांवरची टोपी डोक्यापेक्षा दहा टक्के लहान चालते, क्रोशाची तेवढी लहान केली तर कपाळावर वळ उठतात. दीड-दोन सेंमी कमी ठेवली की पुरे.

पण एकही टाका घालण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षाच्या इनचार्ज सिस्टरांना जाऊन भेटा. त्यांना विचारायचं: सध्या कुठल्या वजनाची बाळं जास्त आहेत, टोप्या परत घेऊन धुता की बाळाबरोबर घरी पाठवता, धुलाई कशी होते, सूत चालेल की लोकर. गरम पाण्यात किंवा वाफेच्या यंत्रात कपडे जात असतील तर खरी लोकर एका धुलाईत आटून घट्ट फेल्टासारखी होते आणि अ‍ॅक्रिलिक ढिलं पडून आकार सोडतं. तिथे सुतीच हवं. काही ठिकाणी बाहेरचे कपडे घेतच नाहीत. तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका, संसर्गाची भीती खरी असते.

आणि डांबराच्या गोळ्या. हे मला ठळक अक्षरांत लिहायचंय. तुमच्या कपाटातली जुनी लोकर वर्षानुवर्षं या गोळ्यांत राहिलेली असेल तर ती नवजात बाळांसाठी वापरू नका. गोळ्यांतलं नॅप्थलीन श्वासातून आणि कातडीतून बाळाच्या अंगात जातं. ज्यांच्या शरीरात जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं त्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ धोक्याच्या पातळीला जाते. ही कमतरता आपल्याकडच्या काही आदिवासी समाजांत जास्त आढळते, आणि तुमच्या जिल्हा रुग्णालयात पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांतली बाळंतीण येणारच. वास गेला म्हणजे गोळी गेली असं समजू नका. बाळांसाठी नवी लोकर घ्या. तसंही अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, त्यात गोळ्या घालायची गरजच नसते. कसर लागते ती खऱ्या लोकरीला.

दुसरी जागा तुमच्या दारातच आहे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच बागांमध्ये थिनिंग-डिपिंगच्या, म्हणजे घडातले मणी विरळ करायच्या आणि घड औषधात बुडवायच्या कामाला पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या टोळ्या येतात आणि बांधावर, शेडमध्ये राहतात. उसाच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. आईबाप कोयता घेऊन उजाडायच्या आत फडात, आणि पोरं एकतर फडाच्या कडेला नाहीतर कोपीत. मोठ्यांकडे काहीतरी अंगावर घ्यायला असतं. दोन ते दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचं मात्र काहीच नसतं, कारण वाटपात येतात ती मोठ्यांची ब्लँकेटं आणि जुन्या कपड्यांत मुलांचे स्वेटर फाटल्याशिवाय कुणी काढत नाही.

या मुलांना कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर द्या. बाह्या नसल्या की लोकर बरीच वाचते, मूल वाढलं तरी दोन हिवाळे निघतात आणि हात कोपरापर्यंत राड झाले तरी स्वेटर धुवायला लागत नाही. गळा मोठा ठेवा, खांद्यावर बटणपट्टी नको, डोक्यातून सहज गेला पाहिजे. खालची आणि काखेची पट्टी दोन सुलट दोन उलटच हवी, ती अंगाला धरून बसते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं ५१ सेंमी असतं, टोपी ४६-४७ ची करा. दहा वर्षांच्याला दोन सेंमी वाढवा. कान झाकले गेले पाहिजेत आणि पट्टी दुमडता आली पाहिजे, म्हणजे तीच टोपी धाकट्यालाही होते.

रंगांबद्दल आमच्या गटात दर वर्षी वाद होतो. नव्या मुलींना फिका गुलाबी, आकाशी, पांढरा हवा असतो. कोपीत चुलीचा धूर, बाहेर चिखल, पाणी कॅनॉलचं. तिथे पांढरा स्वेटर आठ दिवसांत कळकट दिसतो आणि मग तो आईलाच घालवत नाही. मेंदी, विटकरी, गडद निळा, वांगी रंग घ्या, वर हवी तर एखादी पिवळी पट्टी टाका. मुलांना पट्टी आवडते.

आता आगीचं. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, लुधियानाच्या गिरण्यांतून आलेली. स्वस्त, मऊ, धुवायला सोपी. पण तिला आग लागली तर ती वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. खरी लोकर मुळात लवकर पेटत नाही आणि ज्वाळा काढली की बऱ्याचदा आपोआप विझते. शंका असेल तर दोन इंच धागा चिमट्यात धरून पेटवून बघा: अ‍ॅक्रिलिकचा काळा कडक मणी होतो, लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. सगळं खऱ्या लोकरीत विणा असं मी म्हणणार नाही, परवडत नाही आणि फडावर ते टिकतही नाही. पण पाचटाच्या कोपीत चुलीशेजारी झोपणाऱ्यांना, शेकोटीभोवती बसणाऱ्यांना सैल अ‍ॅक्रिलिक शाल, झालरीची ओढणी, लांब मफलर देऊ नका. अंगाला धरून बसणारी टोपी आणि स्वेटर चालेल. लहान मुलांना मफलर तर मुळीच नको, तो खेळताना कशाततरी अडकतो आणि गळ्याला फास बसतो. त्याऐवजी डोक्यातून घालायची, दोन्ही टोकं जोडलेली रुंद पट्टी विणा.

मोठ्या माणसांना उघड्यावरच्या थंडीसाठी काही द्यायचंच असेल तर माझं मत घोंगडीच्या बाजूने. दख्खनी मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचते, सुयांवर विणायला कामाची नाही. पण सनगर विणकर हातमागावर तिची घोंगडी करतात आणि चिंचोक्याची खळ लावतात, ती वारा अडवते, दवाने लगेच भिजत नाही आणि ठिणगी पडली तर वितळत नाही. महाग आहे, कबूल. दहा शाली विणायच्या पैशात किती येतील ते पाहा आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तेवढ्याच आणा. विणकराच्या घरात चार पैसे जातात ते वेगळे.

वस्तीवर द्यायचं तर एक पथ्य सांभाळा. मुकादमाला किंवा बागायतदाराला नुसता फोन करून जाऊ नका. आधी एकदा रिकाम्या हाताने जा, मुलं मोजा, वयं लिहून घ्या. साखरशाळेतले (ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा) किंवा अंगणवाडीतले कुणी बरोबर असेल तर उत्तम. पंचवीस मुलं असतील आणि तुमच्याकडे अठरा टोप्या असतील तर त्या वस्तीवर जाऊच नका, नऊ मुलांच्या वस्तीवर जा. उरलेली सात मुलं बघत उभी राहतात आणि आयांमध्ये भांडणं लागतात, ती तुम्ही निघून गेल्यावरही चालू राहतात. आश्रमशाळेचं तसंच, द्यायचं तर अख्ख्या वर्गाला. आणि फोटो काढायला मुलांना रांगेत उभं करू नका. मंडळाच्या अहवालाला टोप्यांचा ढीग टेबलावर ठेवून काढलेला फोटो पुरतो.

न विचारता विणलं की काय होतं याचं एक जगजाहीर उदाहरण आहे. ऑस्ट्रेलियात फिलिप बेटाजवळ २००१ मध्ये समुद्रात तेल सांडलं, तेव्हा तिथल्या छोट्या पेंग्विनना चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून विणलेले स्वेटर घातले होते. ती गोष्ट जगभर गेली आणि पुढे अनेक वर्षं स्वेटरच स्वेटर येत राहिले. पेंग्विनना लागतील त्याच्या कितीतरी पट. शेवटी तिथल्या संस्थेने जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनांना घालून विकले आणि पैसे उभे केले. त्यांनी युक्ती काढली. आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये तशी युक्ती कुणाला सुचणार नाही, पोती तशीच पडून राहतील.

तुमच्यातल्या ज्येष्ठ सभासद १९६२ ची आठवण काढतील. चीनच्या युद्धात घरोघरी, शाळाशाळांत जवानांसाठी स्वेटर, मोजे, हातमोजे विणले गेले, आणि त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाल्यामुळे महाराष्ट्रात त्याला निराळाच जोर चढला होता. तेव्हा सैन्याकडे डोंगरातल्या थंडीचे कपडे खरंच अपुरे होते. आज उंचावरच्या जवानांना खास कपडे मिळतात. सीमेवर पार्सल पाठवायचा प्रस्ताव आला तर प्रेमाने नाही म्हणा.

केमोथेरपीच्या पेशंटसाठीही टोप्या लागतात, त्याबद्दल थोडंच. केस गेल्यावर डोक्याची कातडी फार हळवी होते, तिथे लोकर टोचते आणि अ‍ॅक्रिलिकखाली घाम येतो. मऊ सुती सूत, सपाट वीण, मधोमध गाठ नको, रंग पेशंटच्या वयाला शोभेल असा. साठीच्या बाईला बाहुलीसारखी फुलांची टोपी कुणी घालत नाही.

आता तुमच्या कपाटातल्या उरलेल्या लोकरीचं. आधी उजेडात पसरून बघा, कसर लागलेली, ओढल्यावर तुटणारी बाजूला काढा. चांगली राहिली ती जाडीप्रमाणे वेगळी करा, रंगाप्रमाणे नको. तीन प्लाय आणि चार प्लाय एका तुकड्यात आले की तो वाकडाच होणार. आणि तिचे चौकोन करा. 'निट-अ-स्क्वेअर' नावाच्या उपक्रमात जगभरच्या बायका दक्षिण आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी २० सेंमीचे चौकोन विणून पाठवतात आणि तिथे ३५ चौकोन जोडून एक ब्लँकेट होतं. पाच गुणिले सात, म्हणजे एक मीटर बाय एक मीटर चाळीस, मुलाला पुरेसं. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट पसरून गिनीज विक्रम केला, तेही असेच तुकडे एकत्र आणून, आणि ते पुढे गरजूंना द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. चौकोनाचं गणित सोपं असलं तरी त्यात एकच शिस्त लागते: प्रत्येकीने पुठ्ठ्याचा २० सेंमीचा चौकोन कापून जवळ ठेवायचा आणि आपला तुकडा त्यावर ठेवून बघायचा. घट्ट हाताच्या बाईने एका नंबरने जाड सुई घ्यायची, सैल हाताच्या बाईने बारीक. जोडायचं काम एकीकडेच द्या, क्रोशाच्या मुक्या खांबांनी (ठेंगण्या टाक्यांनी), एकाच गडद रंगात. मग वेगवेगळ्या हातांचे तुकडे एकाच घरचे दिसतात. अशी ब्लँकेटं चूल नसलेल्या ठिकाणी द्या, वसतिगृहात किंवा वृद्धाश्रमात.

वेळेचं असं की थंडी दिवाळीनंतर पडते, पण विणायला श्रावणातच बसायला हवं. तुम्ही आत्ता विचारताय, तर यंदा फक्त टोप्या करा, स्वेटर पुढच्या वर्षी. देण्याआधी सगळं सौम्य साबणात धुऊन उन्हात वाळवा, सॉफ्टनर नको. मापाप्रमाणे जुड्या बांधा आणि प्रत्येक जुडीवर मराठीत चिठ्ठी: डोक्याचा घेर किती, सूत की अ‍ॅक्रिलिक, गार पाण्यात धुवायचं, पिळायचं नाही. सिस्टरांना घाईत पोतं उपसायला लागलं की हाताला येईल ती टोपी बाळाला जाते, आणि मापात विणायचे एवढे कष्ट वाया.

तुम्ही शेवटी लिहिलंय की दोघी-तिघींना अजून साखळी आणि खांबापलीकडे काही येत नाही आणि त्यांना संकोच वाटतो. त्यांना चौकोनांवर बसवा. आणि ज्यांची दृष्टी अधू झालीय त्यांना गडद रंगाचं काम देऊ नका, काळ्या-निळ्या लोकरीत टाका दिसत नाही. त्यांच्याकडे पिवळी पट्टी.